वाचल्याशिवाय सही नाही

१ जानेवारी, सकाळी ७
संकल्प एकच. तीस मार्चच्या वार्षिक सभेत संघटनेचं अध्यक्षपद सोडायचं. एकतीस वर्षं झाली. खुर्चीला चिकटून बसणाऱ्या पुरुषांवर जन्मभर भाषणं ठोकली, आता आपण चिकटायचं नाही. तरुण मुलींनी संघटना चालवावी. मी मागे बसेन, विचारलं तरच बोलेन.
ही वही फक्त माझ्यासाठी. इथे स्वतःशी खोटं बोलायचं नाही.

४ जानेवारी
बैठक. गप्प बसायचं ठरवलं होतं. अकरा वेळा बोलले. त्यातल्या सात वेळा बोलणं भागच होतं. उरलेल्या चार वेळा मी मोजत नाही, कारण तेव्हा मी फक्त दुसऱ्यांचं वाक्य पुरं करत होते.
बैठक चालवते ती आमची सचिव. मी तिला सॅकवाली म्हणते. पाठीवर कायम एवढी मोठी सॅक, जशी काही डोंगर चढायला निघालीय. हुशार आहे, पण घाई फार. तिने औषध कंपनीतल्या पॅकिंगच्या बायकांचा विषय मांडला. पुरुष खोकी भरतात, बायका गोळ्यांच्या पट्ट्या भरतात. शिफ्ट तेवढीच, पगार मात्र बायकांना कमी. चाळीस वर्षांपूर्वी काडेपेटीच्या कारखान्यासमोर मी हेच ओरडत होते. तेव्हाचा कापडी फलक माळ्यावर आहे. मजकूर तोच चालेल, फक्त कारखान्याचं नाव बदलायचं. याचा इतका संताप आला की अकरातल्या तीन वेळा तेवढ्यावरच बोलले.

१२ जानेवारी
पॅकिंगच्या पहिल्या शिफ्टच्या बायकांना भेटलो. कंपनीने त्यांना कसल्याशा फॉर्मवर सह्या करायला सांगितलंय. मी माझं नेहमीचं सांगितलं. वाचल्याशिवाय सही करायची नाही. कागद नवऱ्याने पुढे केलेला असो, साहेबाने केलेला असो, की पोटच्या पोराने. या एका वाक्यावर मी संघटना उभी केली. कितीतरी बायकांची घरं या वाक्याने वाचली.
टाळ्या. घरी येताना तरंगत आले.

२० जानेवारी
आठ मार्चच्या कार्यक्रमाची पत्रिका छापून आली. माझ्या नावापुढे 'ज्येष्ठ मार्गदर्शक'. अध्यक्ष हा शब्द गायब. प्रेसवाल्याला फोन करून झापलं. तो म्हणाला, मॅटर तुमच्याच ऑफिसातून आलंय, बाई. चूक स्वतःची आणि खापर दुसऱ्यावर. जाऊ दे. जाता जाता कशाला कुणाचं मन दुखवा.

३ फेब्रुवारी
ऑफिसातली माझी खुर्ची खिडकीपाशी हलवलीय. गुडघ्यांना ऊन मिळावं म्हणून, असं सॅकवाली म्हणाली. टेबल मात्र होतं तिथेच राहिलं. पत्रांवर सह्याही तीच करते. तुम्हाला त्रास नको, म्हणाली. गुडघ्यांचा आणि सहीचा काय संबंध, ते मला कळलं नाही, पण प्रेमाने म्हणाली म्हणून सोडून दिलं.

११ फेब्रुवारी
घर. आमच्याकडे कामाची समान वाटणी आहे, लग्नापासून. तक्ता फ्रिजवर लावलेला. भांडी नवऱ्याकडे. तो घासतो, मग मी एकदा घासते, कारण कुकरच्या कडेला राहतं. आज तो म्हणाला, तू परत घासणारच असशील तर मी कशाला घासू. त्याला सांगितलं, ही खास पुरुषी पळवाट आहे. तो पेपर वाचायला लागला. म्हणजे पटलं.

१९ फेब्रुवारी
ऑनलाइन परिषद. पाच देशांतल्या पाच जुन्या कार्यकर्त्या. विषय: पुढच्या पिढीकडे सूत्रं सोपवताना. प्रत्येकीला पाच मिनिटं. समुद्रापलीकडच्या एक बाई बावीस मिनिटं बोलल्या. तीनदा निवृत्त झाल्यात म्हणे, पण त्यांच्या मुलींना अजून जमत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. मी अठरा मिनिटांत आटोपलं. चर्चेला वेळ उरला नाही.
एक गोष्ट मात्र मनाला लागली. पाचही जणी तरुणपणी पोलिसांच्या गाडीत बसून आलेल्या, आणि पाचही जणींच्या देशात तीच मागणी अजून चालू. त्यातली एक म्हणाली, या वेगाने समानता यायला शंभराच्या वर वर्षं लागतील. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मे महिन्यातली आहे. शंभर वर्षं कुणाला सांगताय?

२६ फेब्रुवारी
कंपनीत बोलणी. मॅनेजर सगळं सॅकवालीकडे बघून बोलला. तिला आकडे, मला चहा. बाईचे केस पिकले की या लोकांना ती दिसेनाशी होते. शेवटी टेबलावर हात आपटला. चहा सांडला, तो नेमका सॅकवालीच्या आकड्यांवर. ती रुमालाने कागद टिपत बसली. बोलणी आठवडाभर पुढे गेली.
मॅनेजर हादरला, हे नक्की.

५ मार्च
जिंकलो. तिन्ही शिफ्टच्या बायकांना पुढच्या महिन्यापासून सारखा पगार. शेवटची फेरी मी नसताना झाली (गुडघा). माझ्या दणक्याचा परिणाम जरा उशिराने होतो, हे मी पूर्वीही पाहिलंय.
संध्याकाळी दुसऱ्या शिफ्टची एक बाई ऑफिसात आली आणि सॅकवालीच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसत खिडकीपाशी आली आणि मायेने मला म्हणाली, आजी, तुमची काय तक्रार आहे, इथे सगळं ऐकून घेतात.

१४ मार्च
राजीनाम्याचं भाषण पुरं झालं. चौदा पानं. सभेत काय होणार, तेही लिहून ठेवते. मुली रडतील. मी नाही म्हणेन. त्या पुन्हा गळ घालतील. मी पुन्हा नाही म्हणेन. तिसऱ्यांदा मात्र फार ताणायचं नाही. एकच वर्ष, असं बजावून थांबायचं.
लवंगीला फोन केला. लवंगी म्हणजे माझी काडेपेटीच्या दिवसांपासूनची मैत्रीण, संघटनेचीही जुनी सदस्य. अंगाने एवढीशी, आवाज मैदानभर. राजीनामा देतेय म्हणून सांगितलं. तिने विचारलं, बीपीची गोळी वेळेवर घेतेस ना. तिचंही वय झालं.

२७ मार्च, दुपारी ३
भाषणात एक आकडा घालायचा होता. आजवर मी किती वेळा राजीनामा दिला आणि तो किती वेळा परत घ्यायला लावला. म्हणून इतिवृत्ताची वही काढली.
नऊ वेळा दिलाय. आठ वेळा 'सर्वानुमते नामंजूर'.
नववा दोन वर्षांपूर्वीचा. आठवतो. नव्या कम्प्युटरवरून वाद झाला होता आणि मी हा घ्या राजीनामा म्हणून उठून घरी आले होते. पुढच्या बैठकीला गेले तर सगळं जिथल्या तिथे. वाटलं, नेहमीप्रमाणे नामंजूर. वहीत लिहिलंय, 'आभारासह मंजूर.' अनुमोदक म्हणून लवंगीचं नाव. त्याखाली नव्या अध्यक्ष म्हणून सॅकवालीची निवड.
पान उलटलं. पुढच्या बैठकीत 'मागील इतिवृत्त वाचून कायम केले.' खाली सही. ठसठशीत, शेवटी फराटा.
माझी.
म्हणजे एकतीस नव्हे, एकोणतीसच वर्षं.

२७ मार्च, ५ वाजता
सॅकवालीला जाब विचारला. तिचा चेहरा उतरला. तिला वाटत होतं मला माहीत आहे. सही तुमची आहे ना, ताई, म्हणाली. तुम्ही न वाचता सही कशी कराल?
इतिवृत्ताची वही मिटून घरी आले.
मग लवंगीला फोन. तोंडाला येईल ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, दर वर्षी तूच म्हणायचीस, कुणीतरी माझं ऐका, मला मोकळं करा. एकदा ऐकलं. पुढे म्हणाली, तू रोज येऊन बसतेस ते मुलींना आवडतं, खरंच आवडतं. त्या शेवटच्या वाक्याने फार लागलं. फोन ठेवून रडले.

२८ मार्च
कुठेही गेले नाही. नवऱ्याने भांडी घासली. कुकरच्या कडेला राहिलं होतं. मी घासलं नाही. दुपारी त्याच कुकरमध्ये त्याने भात लावला, आणि भात चांगला झाला होता.

३० मार्च, संध्याकाळी ६
वार्षिक सभा. जाणार नव्हते. गेले. चौदा पानं पिशवीतच राहिली. तिसऱ्या रांगेत बसले, खिडकीपासून लांब. बोलावंसं वाटलं नऊ वेळा, बोलले दोनदा. दुसऱ्यांदा तर नुसतं पंखा लावा एवढंच.
शेवटी एका बिस्किट कंपनीच्या नावाने नवं निवेदन फिरलं. बायकांना सारखा पगार द्या. मजकूर मला तोंडपाठ आहे. वर अध्यक्षांची सही, मग सचिवांची, खाली सदस्यांच्या ओळी. कागद माझ्याकडे आला. चष्मा पुसला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चार वेळा वाचलं. मागच्या दोघी ताटकळल्या, तरी वाचलं. एखादी तरी चूक सापडेल, असं वाटत होतं.
सापडली नाही. अठराव्या ओळीवर सही केली.