सातवा नियम आणि माझा ठोकळा

५ जानेवारी
नवीन वही. जुनी अर्धी कोरी आहे, पण ती जुनी.
आज पक्कं ठरलं. लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र कोरून छापणारे आम्ही दहा जण: नऊ विद्यार्थी आणि आमचे सर. प्रत्येकानं एक चित्र कोरायचं, दहा प्रती छापायच्या आणि दहाही एका माणसाकडे पाठवायच्या. त्या माणसानं त्यांचे दहा संच लावायचे, प्रत्येक संचात प्रत्येकाचं एक चित्र, आणि ज्याचा संच त्याला पोचवायचा. तो माणूस म्हणजे मी. कल्पना घड्याळजीची (आमच्यातलाच, कुठंही पाच मिनिटं आधी हजर, म्हणून हे नाव). पण कल्पना काय, कुणालाही सुचते. जबाबदारी घ्यायला छाती लागते.
सर अंथरुणाला खिळलेत. डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला सांगितलंय, उन्हाळा काढतील असं धरून चालू नका. सरांचं एकच म्हणणं आहे, सगळ्यांची चित्रं एकदा एकत्र हातात घ्यायची आहेत.
१ मार्च: चित्रं माझ्याकडे. १० मार्च: संच सरांच्या हातात.
संकल्प: माझं चित्र सगळ्यांच्या आधी. जानेवारीअखेर.

८ जानेवारी
नियमावली तयार. अकरा नियम. नियम चौथा: प्रती दहाच, अकरावी नाही. नियम सातवा: छपाई झाली की ठोकळ्यावर आडवी खोल रेघ मारून तो रद्द करावा आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकावा. म्हणजे मागाहून कुणी गुपचूप प्रती काढणार नाही. मोठ्या ठिकाणी असंच असतं.
शाळेत चित्रकला शिकवणारी ताई आमच्यात आहे. तिचं म्हणणं, अरे, आपण दहा टाळकी, चोरून छापणार कोण आणि घेणार कोण? शिस्त समजावून सांगता येत नाही.

१२ जानेवारी, सकाळी ९
ठोकळा आणला. गुळगुळीत, एक गाठ नाही. टेबलावर मांडला. समोर बसलो. आधी धार. बोथट हत्यार घेऊन बसणं हा लाकडाचा अपमान. सहा कोरण्या, एक चाकू.

१२ जानेवारी, संध्याकाळी ६
दोन कोरण्या झाल्या. घाई केली असती तर सहाही झाल्या असत्या, पण मग त्याला धार म्हणत नाहीत.

२० जानेवारी
सगळ्यांना धार. चाकूनं हातावरचे केस निघतात. बायकोला दाखवलं. म्हणाली, केस निघाले, आता चित्रही निघू द्या.

३१ जानेवारी
जानेवारी संपला. फेब्रुवारी मुळात लहान महिना, त्याला जानेवारीची पुरवणी धरायला हरकत नाही.
विषय ठरत नाही. झाड नको, सगळे झाड करतात. पक्षी नको. जिना चांगला, पण जिन्याला फार रेघा. सर बघणार म्हणजे काहीतरी भारदस्तच हवं. ही अडचण बाकीच्यांना नाही, कारण त्यांना दर्जाची चाड नाही.

३ फेब्रुवारी
घड्याळजीचं पार्सल. मुदतीच्या सव्वीस दिवस आधी! नुसता दिखाऊपणा. उघडून पाहिलं. पूल आणि खाली पाणी. पाणी बरं आहे. फार बरं आहे. परत गुंडाळून ठेवलं.

१० फेब्रुवारी
आतापर्यंत फक्त तिघांची आली. ग्रुपवर सक्त शब्दांत आठवण दिली: सर वाट पाहताहेत, याचं भान ठेवावं. ताईनं विचारलं, तुझं कुठवर आलंय? लिहिलं, अंतिम टप्प्यात. विचार अंतिम टप्प्यात आहे, तेव्हा हे खोटं नाही.
धार गेल्यासारखी वाटते. न वापरताही जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पुन्हा लावली.

१७ फेब्रुवारी
सरांच्या मुलीचा फोन. सरांचं चित्र झालं. मांडीवर पाट ठेवून, रोज अर्धा तास, हात कापत असताना कोरलं म्हणे. छपाईला तिनं मदत केली. मग जरा चाचरत म्हणाली, दादा, एक अकरावी प्रत घरात ठेवली तर चालेल का?
चौथा नियम सांगितला. सरांच्या संचात सरांचं चित्र असणारच, मग घरात वेगळं कशाला? शिवाय आज सरांना सूट दिली तर उद्या सगळे मागतील. सातव्या नियमाच्या फोटोचीही आठवण केली. ती म्हणाली, बाबांना विचारते.
संध्याकाळी फोटो आला. सरांचा ठोकळा, त्यावर आडवी रेघ. रेघ वाकडी आहे, पण खोल आहे. मी 'मान्य' असं कळवलं.

२१ फेब्रुवारी
सरांचं पार्सल.
आमच्या वर्गाची भिंत. नऊ खिळे, नऊ ॲप्रन. खिशाच्या घडीवरून, नाडीच्या गाठीवरून कुणाचा कुठला ते कळतं. आठ ॲप्रन शाईनं बरबटलेले. नववा माझा, अगदी पांढराशुभ्र. मला पहिल्यापासून स्वच्छतेची आवड. वीस वर्षं झाली, पण सर विसरले नाहीत.
फार समाधान वाटलं. दुपारी काम झालं नाही.

१ मार्च
मुदत. नऊ जणांची सगळी चित्रं आली. नव्वद कागद! एकच चित्र बाकी, आणि तेही घरचंच, म्हणजे कुरिअरचे दोन दिवस वाचले. तसं पाहिलं तर मी दोन दिवस पुढंच आहे.
सगळी चित्रं कसर लागू नये म्हणून घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात रचली. प्रत्येकानं मध्ये घातलेले पातळ कागद काढून टाकले, त्यांनी उगाच जाडी वाढते. सरांची मानानं सगळ्यात वर. डबा कपाटात.

१० मार्च
सरांच्या मुलीचा फोन. म्हणाली, बाबा रोज विचारतात, कधी येतंय? सांगितलं, संच लावून झालेत, फक्त वरचं कव्हर राहिलंय. तिनं विचारलं, तुमचं चित्र कसं आलंय, बाबांना त्याचीच उत्सुकता आहे. म्हटलं, चांगलं आलंय, किंचित गडद. ती म्हणाली, मग हेच सांगते त्यांना.
फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, सरांचा संच नऊ चित्रांचाच पाठवा ना, तुमचं मागाहून जाईल. तिला समजत नाही. संच म्हणजे संच. नऊ चित्रांच्या गठ्ठ्याला संच म्हणत नाहीत.

११ मार्च
आज निर्णायक पाऊल. आम्ही पाण्यातल्या रंगानं छापतो, त्यासाठी कागद आधी ओलसर करून ठेवावा लागतो. दहा कागद ओले करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले. अजून कोरलेलं नाही, पण कागद तयार असला की माणसाला कोरावंच लागतं. कागद फ्रिजमध्ये. थंडीत ओल टिकते आणि बिघडत नाही.
वर्गात सरांनी फळ्यावर कायमचं लिहून ठेवलं होतं: ओला कागद दोन दिवसांत छापा, नाहीतर वाळवा. ते नवशिक्यांसाठी.

१४ मार्च
बायकोनं कागद फ्रिजमधून काढले. म्हणे, दुधाला जागा नाही. या घरात कलेपेक्षा दूध मोठं. वाद घातला नाही. पुडकं डब्यात ठेवलं, चित्रांच्या वर. झाकण घट्ट, त्यामुळे ओल कुठं जात नाही. शिवाय वजनानं चित्रं सपाट राहतील. एका दगडात दोन पक्षी.
डबा आता थेट छपाईच्या दिवशीच उघडायचा.

१९ मार्च
घड्याळजी दारात. न कळवता, अर्थात वेळेवर. म्हणाला, सरांचा संच दे, मी स्वतः नेऊन देतो, आज रात्रीपर्यंत पोचतो. जसं आहे तसं दे.
सांगितलं, संयोजक मी आहे. त्यानं टेबलाकडे पाहिलं. टेबलावर ठोकळा होता. तो उताणा ठेवला होता की पालथा, मला आठवत नाही, पण दोन्ही बाजू सारख्याच. चहा न घेता गेला. लोकांना मेहनतीची कदर नाही.

२४ मार्च
जिनाच घ्यायचा. नक्की.

२५ मार्च
जिना नको.

२८ मार्च
कपाट उघडलं की कुबट वास येतो, अशी बायकोची तक्रार. तिच्या लोकरीच्या कपड्यांचा असणार. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरं दिसतं तुम्हाला. विषय वासाचा, ही डोळ्यांवर गेली.

२ एप्रिल
सर गेले. पहाटे. घड्याळजीनं ग्रुपवर कळवलं.
गेलो नाही. कुठल्या तोंडानं, असं बायको म्हणाली नाही. मीच म्हणालो, पण मनात.

५ एप्रिल
ठरवलं, आता उशीर नाही. चित्र साधंच, एक दार. आज कोरायचं, उद्या छापायचं. संच त्यांच्या मुलीला तरी मिळेल. डबा उघडला.
बुरशी. पुडक्यात काळी आणि हिरवी. पुडक्याची एक बाजू उघडी राहिली होती. ओल खाली उतरली होती. मधले कागद मीच काढले होते, त्यामुळे एकापासून दुसऱ्याला लागत गेली. घड्याळजीचं पाणी पिवळं पडलंय. ताईची चित्रं एकमेकांना चिकटलीत, सोडवताना दोन फाटली. सरांची सगळ्यात वर होती. दहाच्या दहा.
पुसून पाहिलं. शाई निघाली, बुरशी नाही.
मनात आलं, सगळ्यांना पुन्हा छापायला सांगू. ग्रुपवर मागं जाऊन फोटो पाहिले. नऊ ठोकळे, नऊ रेघा. नियम सगळ्यांनी पाळलाय.

६ एप्रिल
ग्रुपवर कळवायचा मजकूर लिहिला. 'हवामानामुळे काही प्रतींना किरकोळ' इथपर्यंत लिहिला. पाठवला नाही.

९ एप्रिल, दुपारी
सरांची मुलगी आली. फोन न करता. म्हणाली, संच नको दादा, घाई नाही. फक्त बाबांचं ते चित्र द्या. घरात एकही नाही.
कपाटाकडे गेलो. तिथंच उभा राहिलो. बायकोनं डबा काढला आणि तिच्यापुढे ठेवला.
ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं दहाही प्रती एकेक करून पाहिल्या, त्यातल्या त्यात बरी बाजूला काढली. मग नवव्या ॲप्रनवर बोट ठेवून विचारलं, हा तुमचा ना? म्हणाली, याला बाबांना चार दिवस लागले. बाकीच्या आठांना मिळून तीन. काळं ठेवायचं तर लाकूड तसंच सोडायचं असतं, पांढरं हवं तर सगळं कोरून काढावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. हात इतका कापायचा की मी म्हटलं, बाबा, याच्यावरही चार डाग सोडा, काम कमी होईल. तर म्हणाले, नको, त्यानं तो अजून घातलेला नाही.
मग म्हणाली, तुमचं चित्र किंचित गडद आलंय असं मी त्यांना सांगितलं होतं. खूश झाले. म्हणाले, गडद आहे ना, म्हणजे शाईला हात लावला त्यानं.
मला रडू आलं. ती थांबली नाही. चित्र दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून घेऊन गेली. त्या प्रतीवर माझा ॲप्रन आता पांढरा नाही. हिरवट ठिपके आहेत.

९ एप्रिल, संध्याकाळी
ग्रुपवर खरं ते लिहिलं. चार ओळी. 'हवामान' नाही. कुणाचं उत्तर नाही. सगळ्यांनी वाचल्याचं दिसतं. घड्याळजीनं सगळ्यात आधी.

१० एप्रिल, सकाळी ९
टेबलाशी बसलो. ठोकळा गुळगुळीत, एक गाठ नाही. दार काढायला पेन्सिल घेतली. ठेवली. कुणासाठी काढायचं?
सर्वांत मोठी कोरणी घेतली आणि आडवी रेघ मारली. या कडेपासून त्या कडेपर्यंत, खोल. नियम सातवा. फोटो काढला, कुठं टाकला नाही.
तीन महिन्यांतलं पहिलं कोरकाम. धार उत्तम लागली आहे.