पेन्शनच्या फॉर्मवरची सही

आई,

पेन्शनचा फॉर्म चष्म्याच्या डबीखाली ठेवलाय. पेन्सिलने फुल्या मारल्यात तिथे राहिलेल्या तीन सह्या कर. काल सकाळी सहीला वेळ लावलास म्हणून तुझ्यावर खेकसले, चुकलंच माझं.

नंतर तुझ्या दवाखान्याच्या ऑफिसात क्लार्कने सही ताडायला तुझं सर्व्हिस बुक काढलं. पहिली पाच वर्षं नुसते अंगठे. सहाव्या वर्षी वाकडीतिकडी अक्षरं, अगदी तुझं पूर्ण नाव. मी त्याला दोनदा विचारलं, हे माझ्याच आईचं ना?

त्याच वर्षी मी पहिलीत गेले होते. धुलाईघरातून दमून आलीस तरी रोज माझ्या पाटीशेजारी बसायचीस. इतकी वर्षं मला वाटायचं, तू माझा अभ्यास घेत होतीस.

सही सावकाश कर. चारला येते, मला बघायचीय.