नाडकर्ण्यांनी गिळलेला शब्द

शनि. ५ जाने. ५७, पिंपरी
क्लबात आमची जोडी पुन्हा शेवटून पहिली. क्लब चालवणाऱ्या घोषबाबूंचा हा खेळ भलताच. डिक्शनरीतून कुणी बापजन्मात न ऐकलेले लांबलचक शब्द शोधून चिठ्ठ्यांवर लिहायचे, खाली अर्थ. चिठ्ठी उचलणाऱ्यानं शब्द मोठ्यानं वाचायचा आणि अर्थ नुसता करून दाखवायचा. जोडीदारानं ओळखायचा. भाषा कुठलीही चालते, कारण कारखान्याच्या या कॉलनीत निम्मे मद्रासी, निम्मे बंगाली.

माझे जोडीदार नाडकर्णी. आमच्याच प्रयोगशाळेतले, मालवणकडचे, जाड चष्मा, बोलणं मोजून मापून. आज त्यांना आला ‘पॅन्डिक्युलेशन’. दोन्ही हात वर, तोंड उघडं. मी म्हटलं, पोलिसांना शरण जाणं. निघालं आळोखेपिळोखे देणं! सगळे हसले, सर्वांत जास्त मी.

घरी येताना वहिनी म्हणाली, “दुसरा जोडीदार बघ ना एखादा.”
बघते आहे की!

मंगळ. ८
दादाला कऱ्हाडहून निरोप. मुलगा ओव्हरसियर, घरची शेती. रवि. २० पर्यंत होकार कळवला तर मंडळी बघायला येणार.
दादा म्हणाला, “स्थळ चांगलं आहे, मालू. नाही म्हणायला काही कारण तर हवं.”
कारण आहे. पण ते स्वतः बोलत नाही, त्याला मी काय करू.

शनि. १२
मला ‘बोरबोरिग्मस’. पोटावर हात फिरवला मात्र, नाडकर्णी (यापुढे नुसतं ना.) लगेच, “पोटातली गुडगुड.” पहिल्यांदाच पूर्ण गुण. मग त्यांना ‘हॉरिपिलेशन’. काही केलं नाही त्यांनी, बाही सरकवून हात नुसता माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, “अंगावर काटा.” बरोबर.
खराच होता काटा. घोषबाबू म्हणाले, थंडी फार आहे.
असेल. मला तर उकडत होतं.

सोम. १४, संक्रांत
ना. तिळगूळ द्यायला आले. गोड बोला म्हणायचं, तेही विसरले. दोन लाडू खाऊन गेले. दादा म्हणतो, माणूस बरा आहे, पण मुका आहे का?

शनि. १९
आज काहीतरी विचित्र झालं. ना.नी चिठ्ठी उचलली, वाचलं: ‘ऑस्क्युलेशन’. खालचा अर्थ बघितला आणि कानापर्यंत लाल. घोषबाबू गालात हसतायत, म्हणजे चिठ्ठी त्यांचीच. “हरलो,” म्हणाले ना. आणि चिठ्ठी खिशात. जिंकत आलो होतो आम्ही! मी चिडले, फाटकापाशी गाठून विचारलं, एवढं काय अवघड होतं?
चष्मा काढून पुसला. मग, “तुमच्यासमोर ते खोटं खोटं करवेना.” आणि गेले.
घरी येऊन दादाची डिक्शनरी काढली. ओ... ओ एस...
चुंबन.
वहिनी विचारते, एकटीच का हसतेयस. आज जेवणही गेलं नाही.

रवि. २०, सकाळ
सखूबाई दूध घालायला आली. गावातली, क्लबातही तिचंच दूध, सगळं बघते. म्हणाली, “ते चष्मेवालं बोलंनात व्हय? मंग तुमी बोला की. तोंड हाय न्हवं?”
खरंच, तोंड आहे.
चहा पिता पिता दादाला सांगून टाकलं. कऱ्हाड नको. नाडकर्णी हवेत. मला फार आवडतात ते.
दादानं कप खाली ठेवला. “त्यांना विचारलंस?”
“नाही.”
“मग कऱ्हाडला काय कळवू मी?”
“दुपारपर्यंत थांब.”
दादा वहिनीकडे बघत राहिला. वहिनी म्हणाली, “निदान वेणी तरी घालून जा.”
घातली. खिडकीतून समोरची चाळ दिसते. ना. दोरीवर कपडे वाळत घालतायत. साध्या मराठीत विचारायचं, एकही लांब शब्द नको.
बादलीत आता एकच शर्ट उरलाय. तो वाळत घालून आत जायच्या आधी गाठायला हवं.