दिवा लावण्याआधी केर

मंगळवार, दौंड

आज आलं: केरसुणी एक, सत्तर रुपये. फिनेलची बाटली, पंचेचाळीस. केरसुणीला हळदकुंकू लावलं, पण ती दिवसभर कोपऱ्यातच. यांची कुरकुंभला रात्रपाळी. दिवसा झोपतात, आणि खोली एकच. ते डबा घेऊन निघेपर्यंत दिवेलागण होते. त्यानंतर केर काढला तर लक्ष्मी घरातून जाते, हे मी लहानपणापासून पाळत आले. मग काय, हातानं वेचायचं. कोपरे राहतातच.

आज रांगता रांगता तनूनं चिंचोका तोंडात घातला. बोट घालून काढला. घशात गेला असता तर?

देवापुढं काडीपेटी घेऊन बसले आणि रडूच आलं. न्हावऱ्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "आगं, मग काडी ठेव खाली. आधी झाड, मग दिवा लाव."

"पण आई, अंधार पडला की."

"पडू दे. आमी धारा काढून यायचो तवा चांदण्या निघाल्याल्या असायच्या. दिवा लावला की दिवेलागण!"

त्यांनी तनूला कडेवर घेतलं. मी ट्यूबच्या उजेडात पलंगाखालून सगळं झाडून काढलं. आणखी दोन चिंचोके निघाले, बाई! मग दिवा लावला. तनूला खाली सोडलं आणि पहिल्यांदाच तिच्यामागं धावले नाही.

उद्यापासून असंच. चालतं ना पण? लक्ष्मीमाते, राग आला असेल तर उलट टपाली कळव. नाही कळवलंस तर होकार समजते.