तिसऱ्या आळीची डाळ

बाबा,

तुमची समुद्राची वही मी समोरच्या क्वार्टरमधल्या काकांना देऊन टाकली. तुमच्यासोबत खाणीत पंपावर होते ते. तुम्ही काहीही सांगितलं की आधी पोट धरून हसायचे आणि मग ती गोष्ट कॉलनीभर पोचवायचे. दिवाळीनंतर एका सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. भद्रावतीला तहसीलसमोर मी लोकांचे अर्ज टाइप करून देतो, तेरा वर्षं झाली. तुम्हाला जाऊन अकरा झाली. काका स्टुलावर बसले, माझ्या हातातला अर्ज ओढून वाचला आणि म्हणाले, "काऊन बे, तुह्या बापाची ते समुद्राची वही हाय का अजून? मी बी रिटायर झालो. बायको म्हनते, धुतलेले कपडे वाळेपर्यंत काळे होते इथी." मी म्हणालो, आहे. दुसऱ्या दिवशी वही नेऊन दिली. ती का दिली आणि देताना काय केलं, ते कुणाला तरी सांगायचं होतं. तुम्हाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो आहे.

वही कशी सुरू झाली ते तुम्हाला आठवत असेल. कॉलनीची बस सहलीला कोकणात गेली होती. तुम्ही पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उभे राहिलात आणि हसलात. मी तेव्हा पाचवीत होतो. तुमचे दात एवढे दिसतात हे मला त्या दिवशी कळलं. परत आल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "रिटायर झालो का तिथी राहाचं. धूळ नाई, काई नाई." तेव्हापासून ते घर तुमच्या डोक्यात होतं. रिटायर व्हायला वर्ष उरलं तेव्हा तुम्ही जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि मला कॉलम आखायला लावलेत. दवाखाना किती पावलं, चढ आहे का, शेजार कसा, मागे खोली आहे का, विहिरीचं पाणी कसं. पाण्याच्या कॉलमशेजारी एक कॉलम डाळीचा. तुमच्या गावाकडे, गडचिरोलीत, मुलगी द्यायची तर म्हातारी माणसं मूठभर तुरीची डाळ घेऊन त्या गावाला जायची आणि तिथल्या पाण्यात शिजवून बघायची. शिजली नाही तर उठून परत यायची. आपल्या क्वार्टरच्या बोअरचं पाणी इतकं जड की आई डाळीत सोडा टाकायची. तुम्ही रोज जेवताना एक दाणा बोटांत दाबून बघायचात आणि ताटातून काढून बाजूला ठेवायचात. आई ते दाणे मोजल्यासारखी बघत राहायची.

तुम्ही मला काय म्हणायचात, ते कागदावर कधी लिहिलं नव्हतं, आज लिहितो. ओबी. कोळशाच्या वरची माती, जी काढून फेकून द्यायची आणि जिचे डोंगर आपल्या खिडकीतून दिसायचे, ती. दहावीच्या गणितात मी दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा तुम्ही ओट्यावर बसलेल्या चौघांना सांगितलंत, "कितीबी खोदा याच्या डोक्यात, ओबीच निघते. कोळसा लागतच नाई." काका खोकेपर्यंत हसले. शुद्धलेखनात शब्द चुकला की तो तुम्ही माझ्या तळहातावर पेनाने लिहायचात, आणि दिवसभर घरी जो येईल त्याच्यासमोर म्हणायचात, "दाखव हात." दूधवाला, मीटर बघणारा, आत्या, सगळ्यांना मी हात दाखवला आहे. आज माझ्या अर्जात चूक सापडत नाही. आतले कारकून एखादा शब्द अडला की खिडकीतून मला विचारतात. हे तुमच्यामुळे झालं, हे मी नाकारत नाही. पण अजूनही एखादा शब्द टाइप करताना शंका आली की माझी डावी मूठ आपोआप मिटते.

तुम्हाला रजा मिळाली नाही म्हणून मला पाठवलंत. विसाव्या वर्षी पहिल्यांदा एकटा निघालो, सहलीतल्या त्याच गावाला. पिशवीत वही, तीन पुड्यांत मूठ-मूठ डाळ, एक पातेली आणि तीन रिकाम्या बाटल्या. प्रत्येक आळीतली एक बाटली पाणी घरी आणायचं होतं, कारण माझ्या एकट्याच्या शब्दावर तुम्ही घर घेणार नव्हतात. त्या गावात विकाऊ घरं तीन आळ्यांत होती. पहिल्या आळीत चढ होता; मीच दोनदा थांबलो, तुमचा खोकल्याने खचलेला दम तर अर्ध्यातच संपला असता. दुसरी आळी किनाऱ्यालगत. दुपारी मी कुंपणापासून पाण्यापर्यंत पावलं मोजली, तीनशे चाळीस. संध्याकाळी पुन्हा मोजायला गेलो तर साठच उरली होती. तुम्ही सिरोंचाकडच्या गोदावरीच्या पुराच्या गोष्टी सांगायचात, त्याच माझ्या डोक्यात. मी घराघराची कडी वाजवत सुटलो. "पाणी चढून राहिलं, सामान वर ठेवा!" जाळं विणत बसलेल्या एका माणसाने मान वर केली. "रोज चढतं रे ते. भरती आहे. जाईल परत. कुठचा तू?"

"चंद्रपूरचा."

"तिकडे समुद्र नाही?"

"नाही."

"मग आम्हाला कशाला बुडवतोस?" तो म्हणाला आणि पुन्हा जाळ्यात मान घातली. ही गोष्ट मी त्याच संध्याकाळी फोनवर तुम्हाला सांगितली. ती चूक माझीच. तुम्हाला हसू येईल आणि त्या हसण्यात मीही असेन, असं मला वाटलं होतं.

तिसरी आळी सकाळी बघितली. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, दवाखाना हाकेच्या अंतरावर. विकायचं घर दोन खोल्यांचं, पुढे ओटी, मागे एक लहान खोली. विहीर शेजारच्या बाईंबरोबर सामाईक. बाई साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. मी पातेली आणि पुडी काढली तेव्हा त्या बघतच राहिल्या. "डाळ शिजवायला एवढ्या लांबून आलास?" मग स्वतःच रहाट ओढला आणि चूल पेटवून दिली. "वडील खोकतात म्हणालास ना? सांग त्यांना, इथे खोकणारी माणसं पोरांना ओरडण्याइतकी बरी होतात." डाळ चुलीवर होती. मी वही उघडून सगळे कॉलम भरले. फक्त डाळीचा रिकामा ठेवला आणि नाक्यावर जाऊन तुम्हाला फोन केला.

तुम्ही फोन उचलून म्हणालात, "काय ओबीसाहेब, लोकायले वाचवलं का समुद्रापासून?" मागे काका हसत होते, आणखी दोघं हसत होते. मी घराबद्दल सांगू लागलो. तुम्ही मधेच विचारलंत, "मागं खोली हाय का?"

"आहे. लहान आहे."

"ते तुही. तुले कोन नोकरी देते? तिथी राहशीन, माह्यं पानी तापवशीन, पाय दाबशीन. तुह्या मायनं होत नाई आता." आणि मग फोन थोडा लांब धरून, त्या लोकांना, "ओबी टाकाले जागा भेटली ना बे."

तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याने मला एक टेबल देतो म्हटलं होतं. मी परत आल्यावर तुम्हाला सांगणार होतो. फोन ठेवला आणि त्या लहान खोलीत मी स्वतःला बघितलं. पन्नाशीचा, हातात तांब्या. तुम्ही ओटीवर बसलेले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणताय, "दाखव हात." मी परत गेलो. डाळ झाली होती. बोटांत धरायलाही दाणा उरला नव्हता, इतकी मऊ. बाईंनी दोन आमसुलं टाकली, खोबरं किसून घातलं. मग मी त्यांच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतलं, त्यांच्या पाया पडलो आणि किनाऱ्यावर गेलो. बाटलीतलं चार बोटं पाणी वाळूत ओतलं आणि तेवढं समुद्राचं भरलं. झाकण घट्ट लावलं. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली: तिसरी आळी. वहीत, स्वच्छ अक्षरात, लिहिलं: विहीर मचूळ. डाळ शिजली नाही.

 गाडीत मला छान झोप लागली.

रविवारी तुम्ही चौघांना बोलावलंत. पहिल्या दोन आळ्या चढ आणि भरतीवरच बाद झाल्या होत्या; आईने तिसरीच्या बाटलीतल्या पाण्यात डाळ लावली. कुकर नको, पातेल्यातच, तुम्ही म्हणालात, डोळ्यांनी दिसली पाहिजे. दीड तास सगळे ओट्यावर बसून. तुम्ही बोटभर पाणी जिभेवर ठेवलंत आणि थुंकलात. मग पातेलीतून दाणा काढला, दाबला, तो निसटला. काकांनी एक चावला. "अबे दात गेला माहा!" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होतो, बाबा. दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो आणि बघत होतो, आणि मला बरं वाटत होतं. तुम्ही वही मागवलीत, ते पान वाचलंत आणि म्हणालात, "पोट्ट्यानं पाह्यलं मात्र बराबर. नाईतर फसलोच असतो." आणि खिशाचं पेन काढून मला दिलंत. आयुष्यात मला तुमच्याकडून मिळालेली ती एकच वस्तू. त्या पेनाने मी अजून सही करतो.

मग समुद्राचं नाव निघालं नाही. रिटायर झालात, क्वार्टर सोडावं लागलं, आपण रस्त्याकडेच्या दोन खोल्यांत आलो. कोळशाचे ट्रक दिवसभर खिडकीखालून जायचे. आई खिडकीला ओली चादर बांधायची, संध्याकाळी पिळली की पाणी काळं यायचं. दुसऱ्या हिवाळ्यात तुमच्याने बसवेना. एका दुपारी मी उशी लावत होतो तेव्हा तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "त्या तिसऱ्या आळीत वारा कसा होता बे?" तुमचा आवाज तेव्हा कुणालाही घाबरवण्यासारखा उरला नव्हता. घर घ्यायचा प्रश्न नव्हता, कुठे जायचा प्रश्न नव्हता. चांगला होता म्हणालो असतो तर माझं काही गेलं नसतं. मी म्हणालो, "मासोळीचा वास यायचा." तुम्ही मान हलवलीत. आठ दिवसांनी गेलात.

काकांना वही देण्याआधी मी ते पान उघडलं. 'मचूळ' आणि 'शिजली नाही' खोडून, तुमच्याच पेनाने, वर लिहिलं: गोड. शिजते. काकांनी चष्मा लावून वाचलं. "अबे, हे काय? म्या सोता चावला होता तो दाना."

"आता शिजते, काका."

"काऊन? विहीर बदलली का?"

"त्यानंतर पाऊस चांगला झाला तिकडे. विहिरी गोड होतात." मी चेहरा न हलवता सांगितलं. त्यांनी ऐकलं. आता मी जे सांगतो ते लोक ऐकतात, कारण मी नीट लिहितो. ते तिकडे गेले. विहीरवाल्या त्या बाई आता नाहीत, त्यांचंच घर काकांना मिळालं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. "शिजली बे! लोण्यावानी! तुहा बाप कमनशिबी, थोडा थांबला असता तर." मी हो म्हणालो. ते म्हणाले की ओटीवर बसल्यावर खोकला येत नाही आणि तुमची आठवण येते. त्यावरही मी हो म्हणालो.

आणि त्यांनी आईला बोलावलं आहे. उद्या सकाळी निघायचं, मी पोचवायला जातो आहे. आज दुपारी तिने पिशवी भरली. दोन लुगडी, औषधं आणि फडक्यात बांधलेली मूठभर तुरीची डाळ. मी म्हणालो, तिथे डाळ मिळते. "मिळत असंन. तुह्या बाबांच्या नावानं घरची नेतो. शिजवून पाह्यतो एकदा त्या पान्यात." मग गाठ मारता मारता म्हणाली, "त्या विहिरीले तेव्हा काय झालं होतं, कोन जाने." हे ती माझ्याकडे बघून म्हणाली नाही. पिशवीकडे बघून म्हणाली. तिने कुकर, चूल, पाणी यांच्याजवळ आयुष्य काढलं आहे. समुद्राचं मीठ आणि विहिरीचं मचूळ पाणी तिला जिभेवर वेगळं लागलं असेल का, हे मी तेरा वर्षांत विचारलेलं नाही. गाडीत दोन दिवस शेजारी बसायचं आहे.

लिहायला बसलो तेव्हा शेवटी तुमची माफी मागेन असं वाटलं होतं. ती येत नाही. हा कागद ठेवायला वहीही उरलेली नाही. टेबलाच्या खणात इतरांच्या परत आलेल्या अर्जांखाली ठेवून देईन. एकच राहिलं. त्या दिवशी चुलीवरून डाळ उतरवल्यावर त्या बाई म्हणाल्या होत्या, "वडिलांसाठी डबीत देते थोडी. आमसुलाची आहे, नेईपर्यंत आंबली तरी मऊपणा कळेल त्यांना." मी नको म्हणालो. मला भूक नव्हती, बाबा. तरी मी ती सगळी खाल्ली, पातेली पुसून.