एकशे एकतीस किलोमीटर

१० ऑगस्ट, रविवार
आजपासून रोज लिहायचं. पुढे नोंदी उपयोगी पडतील.
सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी दारात आली. गल्लीत कुणी पेढेसुद्धा मागितले नाहीत. सोलापूरला बॅटरी म्हणजे टॉर्चमधली. बायकोने, पूनमने, चाकाला कुंकू लावलं आणि विचारलं, गावापर्यंत जाईल ना? पॉलिटेक्निकमध्ये अकरा वर्षं लॅब असिस्टंट असलेल्या माणसाला हा प्रश्न.

१७ ऑगस्ट
वडिलांना, आबांना, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू फार पुढे गेलाय. दिवाळीपर्यंत थोडंफार दिसेल, पुढचं सांगता येत नाही म्हणाले.
आबांनी एकच मागितलं. दिवाळीच्या अवसेला गावी बिरोबाच्या जत्रेत न्यायचं. दुपारी चारला दोन पालख्या भेटतात, तेव्हा पहिली लोकर उधळायचा मान आमच्या घराचा. ती भेट त्यांना आणखी एकदा डोळ्यांनी बघायची आहे.
चुलतभाऊ शहाजी म्हणाला, माझ्या पिकअपमधून नेतो. आबा डिझेलच्या धुरात जाणार नाहीत, असं मी सांगून टाकलं. आबांना विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात.

३१ ऑगस्ट
घरभर सेन्सर बसवले. माणूस हलला की दिवा लागतो, हलला नाही की विझतो. ऊर्जेची बचत अशी घरातूनच सुरू होते.
अडचण एवढीच की आबा हलत नाहीत. खाटेवर गप्प बसतात, दिवा विझतो आणि त्यांना वाटतं डोळे गेले. काल पूनम धावत गेली तर रडत होते. मी त्यांना हात हलवायला शिकवलं. आता थोड्या थोड्या वेळाने हात हलवतात. छान जमतं.
पूनम म्हणते, आबांच्या खोलीतला तेवढा काढा. एक काढला तर सिस्टीम कसली? बघू पुढच्या महिन्यात.

१४ सप्टेंबर
फुल चार्ज करूनही गाडीचा स्क्रीन म्हणतो ७८ किलोमीटर. गाव ८४ वर.
या कंपन्या भित्र्या. सॉफ्टवेअरला कुलूप लावतात आणि गिऱ्हाइकाला घाबरवतात. म्हणून मी ओपन सोर्स प्रोग्राम टॅबलेटवर टाकला, गाडीला जोडला, बॅटरीचं गणित स्वतः लिहिलं. नवा आकडा १३१.
गाडी तीच, बॅटरी तीच. पूनमला दाखवलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

५ ऑक्टोबर
इंटरनेटवरच्या फोरमवर १३१ टाकला. एका जर्मन माणसाने लिहिलं, एकदा गाडी बंद पडेपर्यंत चालवून आकडा तपासा. जळतात लोक.
तरी तपासणार होतो. पण टॅबलेट अपडेट करण्यात रविवार गेला.

२० ऑक्टोबर
आबांनी लोकर धुऊन, पिंजून पिशवीत भरली. पिशवी उशाला घेऊन झोपलेत. पूनम म्हणाली, शहाजीला नुसतं सांगून तरी ठेवा. सांगितलं नाही. एकदा सवलत दिली की माणूस कायम डिझेलवर राहतो.

२१ ऑक्टोबर, अवस. रात्री ९
गाडी ७९ किलोमीटरवर बंद पडली. कंपनीचा आकडा जवळपास बरोबर आला, हा योगायोग. टॅबलेटवर तेव्हाही ५२ किलोमीटर शिल्लक होते.
दुपारचे अडीच वाजले होते. रस्त्याकडेला चंद्रव्वा नावाच्या म्हातारीचं घर. तिने घरातल्या प्लगला वायर लावू दिली, आबांना पाणी दिलं. इतक्यात मागून शहाजीची पिकअप आली. तो उतरला, गाडीकडे बघितलं, हसला नाही. आबांना म्हणाला, चला.
आबा पिशवी घेऊन उठले. मला म्हणाले, "बिरू, म्या जातो की शहाजीसंगं. तू ये मागनं."
मी म्हणालो, "आबा, वीस मिनिटं. आपल्याच गाडीनं जायचं."
आबा माझ्याकडे बघत राहिले. किती दिसत होतो कोण जाणे. मग बसले. शहाजी गेला.
त्यानंतर रस्त्याला कुणीच आलं नाही. सगळे पोचले होते. चारला वाऱ्यावर ढोल ऐकू आले. आबा म्हणाले, "भेटल्या जनू." पिशवीची गाठ त्यांनी सोडली नाही.
पावणेसहाला गाडी सुरू झाली. गावात पोचलो तेव्हा पालख्या देवळात गेल्या होत्या. मानाची लोकर शहाजीने उधळली.

२२ ऑक्टोबर
दोष कुणाचा, हे नीट बघितलं पाहिजे. चंद्रव्वाच्या घरी व्होल्टेज कमी. शिवाय घरून निघायला आबांनीच उशीर केला, लोकर पुन्हा पिंजत बसले.
पुढच्या वर्षी मोठी बॅटरी. आबांना तसं सांगितलं. ते बरं म्हणाले.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८
पूनम तीन आठवडे कामापुरतंच बोलते. म्हणून आज आबांच्या खोलीतला सेन्सर काढला. साधा बल्ब लावला, मोठा, कायम चालू राहणारा. माझ्या तत्त्वात बसत नाही, तरी लावला.
आबा खाटेवर बसले होते. मांडीवर लोकरीची पिशवी. बटण दाबलं, खोली लख्ख उजळली.
आबांनी हात हलवला. थोडं थांबले. पुन्हा हलवला, जोरात.
म्हणाले, "बिरू, लाईट गेली का रं?"
खिडकीतून ऊनही आत आलं होतं.
मी म्हणालो, "व्हय आबा. येईल वीस मिनिटांत."