शिवांगीच्या दातांचा चार्ज

८ जुलै १९९६, सोमवार. नोएडा.
नातीच्या, शिवांगीच्या शाळेतून चिठ्ठी. दुसरीच्या मुलांच्या दातांना फ्लोराइड लावणार, पालकांची सही हवी. फुकट! तीस वर्षं दिल्लीला आर. के. पुरमच्या ऑफिसात सरकारी फायली पाहिल्या, फुकट म्हटलं की आधी मागचं पान उलटते. मागचं पान कोरं. तिथेच संशय पक्का झाला.

९ जुलै
शाळेत जाऊन दातांच्या डॉक्टरणीला, त्या भसीनबाईंना, गाठलं. पेपरात वाचलेलं सुनावलं: बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने गावंच्या गावं पिवळ्या दातांची झालीत. त्या म्हणाल्या, “आंटीजी, रोज पाण्यातून जास्त पोटात जातं ते वेगळं. हे दातावर थोडंसं लावायचं, दाताचं कवच पक्कं होतं, कीड लागत नाही.” उत्तर इतकं तोंडपाठ? त्यांच्या मागे भिंतीवर टूथपेस्ट कंपनीचं कॅलेंडर. जुलैचंच पान उघडं. सगळं ठरलेलं.
घरी सूनबाईंशी वाद. रेवती म्हणाली, “आई, सगळ्या मुलांना लावतायत.” म्हणून तर! शेवटी मुलगा, श्रीपाद, मध्ये पडला. ठरलं असं: सहा महिने शिवांगीच्या दातांचा चार्ज माझ्याकडे. मग तपासणी. एक जरी दात किडला, तर चार्ज रेवतीकडे, आणि मी तोंड उघडायचं नाही. रिटायर झाल्यापासून या घरात एवढं एकच खातं मला मिळालंय. सोडणार नाही.

१४ जुलै, रविवार
बदामाची टरफलं गॅसवर जाळली. मीठ, लवंग, तुरटी. अस्सल राखुंडी. वरच्या मजल्यावरच्या बाई आग लागली म्हणून धावत आल्या. टूथपेस्टची ट्यूब पिठाच्या डब्यामागे लपवली.

१५ जुलै
शिवांगी आरशावर थुंकली. म्हणते, “छी, आजी, ये तो कोयला है!” कॉन्व्हेंटमध्ये आम्ही सिस्टरसमोर असं थुंकलो असतो तर आठवडाभर उभं केलं असतं. शिवाय मराठीत थुंकावं.

१७ जुलै
चिमूटभर खडीसाखर कुटून घातली. औषधाला अनुपान लागतंच.

२ ऑगस्ट
दोन चमचे.

१९ ऑगस्ट
अर्धी वाटी. परिणाम थक्क करणारा. पोरगी सकाळी स्वतःहून उठते, शाळेतून आली की पुन्हा घासते, झोपताना दूध पिऊन परत. मी चूळ भरू देत नाही. औषध दातांवर राहायला हवं. रेवती म्हणाली, “आई, इतकी कशी हो आवडते तिला?” चेहरा बघण्यासारखा. मत्सर, दुसरं काय.

५ ऑक्टोबर
सोसायटीतल्या चार जणींना कृती सांगितली. साखरेचं प्रमाण सांगितलं नाही. ते गुपित.

२३ नोव्हेंबर
आइसक्रीम खाताना शिवांगीने डावा गाल धरला. या वयात दाढा हलतातच. रेवतीला सांगायची गरज नाही. उगाच बाऊ करील.

११ जानेवारी १९९७, शनिवार
तपासणी. राखुंडीचा डबा मुद्दाम दवाखान्यात बरोबर नेला, भसीनबाईंचं अज्ञान दूर करावं म्हणून. त्यांनी शिवांगीच्या तोंडात पाहिलं. पुन्हा पाहिलं. तीन दाढा किडलेल्या. त्यातली एक पक्की, नुकती आलेली.
मग डबा उघडला, बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं. विचारलं, “आंटीजी, शुगर?” मी म्हटलं, शुगर नाही, खडीसाखर. त्या रेवतीकडे पाहू लागल्या. शिवांगीला खुर्चीत बसवून मशीन लावलं. तिने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. नंतर उरलेल्या दातांना फ्लोराइड. सही रेवतीने केली. मी पेन दिलं.
परतताना ऑटोत रेवती शिवांगीला मांडीवर घेऊन बाहेर बघत बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. उत्तरं तयार होती.

१२ जानेवारी, सकाळ
पिठाच्या डब्यामागची ट्यूब काढून रेवतीच्या हातात दिली. चार्ज हँडओव्हर. त्या दोघी बेसिनपाशी, मी बाल्कनीत पेपर धरून. जरा वेळाने शिवांगी फेसाळलेल्या तोंडाने आली, कानाशी लागली. “आजी, ती पूड उरलीय का?”
गहिवरून आलं. एक तरी माणूस माझ्या बाजूचं! म्हटलं, घासायची ना, राणी?
“नाही. पोळीवर घालून खायला.”
डबा सिंकमध्ये ओतायला घेतला. पहिल्यांदाच चाखून पाहिली. भयंकर गोड आहे. कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.